पट बेचाळीसचा, प्रयोगशाळा नाही: चौथीच्या मुलांना विज्ञान शोधायला कसं लावायचं?

कुर्ल्याच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: "पट ४२ चा, प्रयोगशाळा नाही, तास ३५ मिनिटांचा. प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात की मुलांना गटात बसवा आणि स्वतः शोधू द्या. प्रत्यक्षात गटातली दोन मुलं सगळं करतात, बाकीची बघत बसतात नाहीतर भांडतात. शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार येते आणि परिसर अभ्यासाचं पुस्तक मागे पडतं. हे खरंच जमण्यासारखं आहे का?"

बाई, जमण्यासारखं आहे. ४२ च्या पटातही जमतं आणि प्रयोगशाळा लागत नाही. पण ज्या क्रमाने हे आपल्याला शिकवलं जातं तो क्रम उलटा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रशिक्षणात आधी गट पाडायला सांगतात, मग साहित्य वाटायला, आणि प्रश्न मात्र पुस्तकातला, उत्तर खाली छापलेलं. अशा कामाला चार डोकी लागतच नाहीत. हुशार मूल ते एकट्याने उरकतं आणि उरलेल्या तिघांनी काय करावं हे कुणी सांगितलेलंच नसतं. आधी असा प्रश्न हवा की ज्याच्या उत्तरावरून वर्गातच दोन तट पडतील. वाद असला की गटाला काम मिळतं. वाद नसेल तर गट म्हणजे नुसती बसायची व्यवस्था.

बर्फापासून सुरुवात करा. वर्गाला विचारा: बर्फाचे दोन सारखे खडे आहेत. एक ताटलीत उघडा ठेवला, दुसरा लोकरीच्या टोपीत गुंडाळला. आधी कुठला वितळेल?

बहुतेक हात टोपीच्या बाजूने वर जातील. कारणही तयार असेल: "टोपी गरम असते ना बाई." हे उत्तर चूक असलं तरी त्याला अडाणीपणा समजू नका. दिवाळीत गावी गेल्यावर पहाटे आजीने कानटोपी चढवली की ऊब येते, हा मुलांचा अनुभव आहे आणि त्यावरून त्यांनी नीट विचार करून अनुमान काढलेलं आहे. त्यांचं हे अनुमान आपण नुसतं खोडून टाकलं तर परीक्षेपुरतं आपलं उत्तर पाठ होतं आणि डोक्यात जुनंच राहतं. म्हणून ते त्यांनीच तपासायला हवं.

बर्फ बाहेर काढण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज आणि एका ओळीत कारण वहीत लिहायचं. दोन मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग शेजाऱ्याला सांगायचं, मग चौघांनी मिळून बोलायचं. हा क्रम मोडू नका. तुमच्या तक्रारीतली अर्धी अडचण इथेच सुटते, कारण मागे बसणाऱ्या मुलीचंही मत आता कागदावर उतरलेलं असतं आणि आपलं खरं ठरतंय का, हे तिला बघायचं असतं. थेट चर्चेला बसवलं की पहिल्यांदा जो बोलतो त्याचंच उत्तर सगळ्यांचं होतं.

पुढचं पाऊल म्हणजे प्रयोग कसा करायचा हे मुलांना ठरवू देणं. तुम्ही फक्त एक मोठा आणि एक छोटा खडा हातात धरून विचारा, "हे चालतील का?" सगळा वर्ग "नाही" म्हणून ओरडेल. का नाही, ते सांगताना तुलना न्याय्य कशी करायची हे मुलं स्वतःच्या शब्दांत मांडतात: बर्फ सारखा हवा, वेळ सारखी हवी, पंख्याखाली एकच ठेवायचा नाही. फळ्यावर त्यांचीच वाक्यं लिहा.

आता काही बारकावे, जे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. दोन्ही खडे आधी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. लोकर भिजली की तिच्यातली हवा जाते, ती उष्णता नीट अडवत नाही आणि प्रयोग फसतो. टोप्या पुरत नाहीत, तर जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून आणा. बर्फ घरच्या ट्रेमधला, स्टीलच्या डब्यात कापड घालून आणला तर सकाळच्या पहिल्या तासापर्यंत टिकतो. संपूर्ण वितळण्याची वाट बघत बसू नका. वीस मिनिटांनी दोन्ही पिशव्यांतलं पाणी ओतून काढा आणि खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणाने मोजा. "थोडं जास्त वितळलं" म्हणण्याऐवजी मुलं "आमचं इतके मिली" असं बोलायला लागतात आणि दहा गटांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडता येतात.

टोपीतला बर्फ जास्त टिकतो. हे दिसल्यावर मुलं लगेच मत बदलत नाहीत, आणि तेच ऐकण्यासारखं असतं. "आमची टोपी जुनी होती." "पिशवी नीट बांधली नव्हती." "परत करूया." अशा वेळी स्पष्टीकरण द्यायचा मोह आवरा. विचारा, "टोपी स्वतः गरम असते का, हे कसं तपासाल?" कुणीतरी रिकाम्या टोपीत तापमापी ठेवायला सुचवतंच. अल्कोहोलची साधी तापमापी वर्गाला एक पुरते. तापाचा डिजिटल तापमापक इथे चालत नाही, कारण अंगाच्या तापमानाच्या फार खालचं तो दाखवत नाही. आणि पाऱ्याची तर वर्गात आणूच नका. रिकाम्या टोपीचं आणि खोलीचं तापमान सारखंच निघालं की वर्गात खरी चर्चा सुरू होते.

वरळीच्या एका वर्गात याच ठिकाणी एक मुलगी म्हणाली, "आमची आई मासळीच्या बर्फावर गोणपाट टाकते, मग तो टिकतो." मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "मग गोणपाट गरम असतं का गं?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नाय. ते बाहेरचं गरम आत येऊ देत नाय." त्या वर्गाला बाईंनी काहीही समजावून सांगितलं नव्हतं. 'उष्णतेचा दुर्वाहक' हा शब्द त्यांनी त्यानंतर फळ्यावर लिहिला आणि तो शब्द कशाबद्दल आहे हे प्रत्येक मुलाला माहीत होतं. मुंबईच्या आपल्या वर्गांत असं ज्ञान खूप असतं. कोळीवाड्यातल्या मुलांना भरती-ओहोटी माहीत असते, भाजीची गाडी लावणाऱ्यांच्या मुलांना ओल्या फडक्याने पालेभाजी कशी टिकते हे माहीत असतं. विज्ञानाच्या तासाला ते बोलायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं इतकंच. आणि मूल घरी भोजपुरी, तेलुगू किंवा कानडी बोलत असेल, तर गटात त्याला जमेल त्या भाषेत बोलू द्या. मराठी शब्द मागाहून येतात.

आता 'दोघं करतात आणि दोघं बघतात' याबद्दल. गट चौघांचाच ठेवा. सहाचा झाला की दोघं हमखास बाहेर पडतात. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं चौघांच्या टोळीत काम करायची, बाभळीच्या काट्यांनी फुलांचे भाग सुटे करायची आणि पुस्तकात तयार उत्तरं छापलेली नसायची. तो प्रयोग माध्यमिकच्या उंबरठ्यावरच्या, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी होता. साध्या सरकारी शाळांत तो तीस वर्षं चालला आणि सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, पण सामान्य शाळेत, सामान्य साधनांत हे चालतं याचा त्याहून मोठा दाखला आपल्या देशात मला दिसत नाही.

गटप्रमुख नेमू नका. प्रमुख म्हटलं की हुशार मूल उत्तर देतं आणि बाकीचे माना डोलावतात. त्याऐवजी कामं वाटा: एक सामान आणणार आणि परत ठेवणार, एक मोजणार, एक लिहिणार, आणि एकाने फक्त विचारायचं, "हे तुला कशावरून वाटतं?" दर वेळी कामं बदलायची. हे चौथं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि ते शक्यतो सगळ्यांत पुढे पुढे करणाऱ्या मुलाला आधी द्या. स्वतः उत्तर न देता दुसऱ्याला विचारत राहणं त्याला शिकायचं असतं. गटाच्या वतीने कोण बोलणार हे आधी सांगू नका, ऐन वेळी कुणालाही उठवा. मग चौघांनाही सगळं समजून घ्यावं लागतं.

गोंगाटाचं म्हणाल, तर दोन प्रकारचे आवाज ओळखायला शिका. "सरक ना", "माझं घेतलं" हा एक, आणि "अरे पण त्याचं जास्त वितळलंय" हा दुसरा. दुसरा थांबवायचा नाही. मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या बाईंना एकदा तो तास बघायला बोलवा. तक्रार त्यानंतर बरीच कमी होते.

मुंबईच्या शाळेसाठी माझा सगळ्यांत आवडता उपक्रम सावलीचा आहे. तो सविस्तर सांगते, कारण गटाची गरज त्यात आपोआप निर्माण होते. प्रश्न असा: सावली सगळ्यांत छोटी किती वाजता होते? मुलं एकमुखाने सांगतात, "बारा वाजता." पुस्तकातही दुपारी बाराचं चित्र असतं. संक्रांतीच्या आठवड्यात, आकाश स्वच्छ असताना, अंगणात किंवा गच्चीवर प्रत्येक गटाने एक मीटरची काठी उभी करायची. ती सरळ उभी आहे का ते दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने बघायचं. बारापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची, मोजायचं आणि लिहायचं. यात एकाला काठी सांभाळावी लागते, एकाला टोक दाखवावं लागतं, एकाला मोजावं लागतं, एकाला घड्याळ बघून लिहावं लागतं. बघत बसायला जागाच नसते. दुपार सत्राची शाळा साडेबाराला भरत असेल, तर सकाळ सत्रातल्या वर्गाशी जोडी जमवा: पहिल्या खुणा त्यांनी करायच्या, पुढच्या तुमच्या मुलांनी.

बाराला सावली साधारण ९० सेंटिमीटर येते. सव्वाबाराला ती ८७ च्या आसपास असते आणि मुलं चकित होतात, कारण बारा वाजून गेले तरी ती अजून कमी होतेय. सव्वाएकनंतर ती नक्की वाढलेली दिसते. सगळ्यांत छोटी सावली पावणेएकच्या सुमारास, साधारण साडेचौऱ्याऐंशी सेंटिमीटरची असते. पण त्या अर्ध्या तासात फरक इतका थोडा असतो आणि सावलीचं टोक इतकं धूसर असतं की एक गट साडेबारा म्हणतो, दुसरा पावणेएक, तिसरा एक. इथे बरेच शिक्षक घाबरून "बरोबर उत्तर" सांगून मोकळे होतात. कृपा करून सांगू नका. दहाही गटांचे आकडे एका तक्त्यात मांडा आणि विचारा, "सगळ्यांचे आकडे वेगळे आहेत, मग आपण काय नक्की सांगू शकतो?" मुलं बोलता बोलता इथवर येतात की कुणाचंही उत्तर बारा नाही, आणि सगळ्यांची उत्तरं साडेबारा ते एकच्या मध्ये आहेत. मोजमापात थोडी चूक असतेच, तरीही अनेकांनी मोजलं की काहीतरी खात्रीने सांगता येतं. वैज्ञानिक एकमेकांच्या आकड्यांवर विसंबून हेच करतात, आणि चौथीचं मूल ते इथे स्वतः करतं.

हे का होतं, ते तुम्हाला माहीत असायला हवं. मुलांना किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या सूर्यावर लावलेलं आहे. मुंबई ७२.८ अंशांच्या जवळ आहे आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात, म्हणून आपली खरी मध्यान्ह सरासरी ३९ मिनिटं उशिरा होते. पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि तिच्या अक्षाच्या कलामुळे वर्षभरात ती थोडी मागेपुढे सरकते: डिसेंबरच्या सुरुवातीला साडेबाराच्या जवळ, फेब्रुवारीत पावणेएकच्याही पुढे. या शहराची स्वतःची 'बॉम्बे टाइम' नावाची वेळ होती, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी ती इथल्या काही व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकून होती. मुलांना आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. एखाद्या घरात आठवण निघते आणि मग इतिहासाचा तासही यातच होतो. मुंबईत सावली पायाखाली पूर्ण नाहीशी होण्याचे दोन दिवस मात्र शाळेला सोयीचे नाहीत. एक मेच्या मध्यावर, सुट्टीत. दुसरा जुलैच्या शेवटी, ढगांत.

पावसाळ्यात पर्जन्यमापक करा. उभ्या काठाची प्लास्टिकची बाटली वरून कापून, कापलेला भाग तिच्यातच उलटा बसवायचा. तळाचा खडबडीत भाग भरेल इतके खडे आणि पाणी घालून तिथे शून्याची रेघ मारायची. आधी विचारा: रुंद पातेलं आणि अरुंद डबा, दोन्ही उभ्या काठांचे, शेजारी शेजारी पावसात ठेवले, तर पाणी कशात जास्त उंच चढेल? पुन्हा दोन तट पडतील. पाणी दोन्हींत सारख्याच उंचीवर दिसलं की पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात हे वेगळं शिकवावं लागत नाही. मग दुसऱ्या उपनगरातल्या एखाद्या शाळेशी आकडे अदलाबदल करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा झाला नाही. एकाच शहरात असं कसं, हा प्रश्न मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून पडू लागतो. मोजून झालं की बाटली रोज रिकामी करायचीच. साठलेल्या पाण्यात डास वाढतात.

तुमच्या प्रश्नांकडेही लक्ष द्या. "का?" हा लहान मुलांसाठी अवघड प्रश्न आहे. तो लगेच विचारला की त्यांना वाटतं, बाईंच्या मनातलं उत्तर ओळखायचंय. आधी हात-डोळ्यांनी सोडवता येतील असे प्रश्न विचारा: काय दिसतंय? किती? कुठे जास्त? असं केलं तर काय होईल? तुला खात्री कशी करता येईल? आणि विचारल्यावर थांबा. मनात पाच आकडे मोजा. एवढी शांतता आपल्याला फार लांब वाटते, पण दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला विचार सुरू करणाऱ्या मुलाला तेवढी लागतेच.

एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मुलांना साहित्य देऊन मोकळं सोडणं म्हणजे शोधाधारित शिक्षण नव्हे. मार्गदर्शनाशिवाय सोडलेली नवशिकी मुलं फारसं शिकत नाहीत, ही टीका २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी केली होती आणि तिच्यात तथ्य आहे. सगळं शोधून कळत नाही. वस्तूंची नावं, एककं, चिन्हं, विजेपासून आणि आगीपासून सावधगिरी हे सरळ सांगा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे चौथीचं मूल अंगणात शोधू शकत नाही, तिथे गोल आणि बॅटरी घेऊन समजावूनच सांगावं लागतं. पण सावली सरकते, बर्फ झाकला की टिकतो, बी उजेडाशिवायही रुजतं, तिवराची मुळं चिखलातून वर येतात, हे त्यांनीच बघायचं.

अभ्यासक्रमाचं गणित असं बसवा. दर पाठासाठी हे करायचं नाही. सत्रात तीन किंवा चार घटक निवडा, त्या दिवशी दोन तास जोडून घ्या आणि बाकीचे पाठ नेहमीसारखे शिकवा. २०१० पासूनच्या मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकचा, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचा, वाटा ६० टक्के होता आणि प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, निरीक्षण ही त्याचीच साधनं आहेत. मुलांच्या वहीतला अंदाज, तक्ता आणि शेवटी "आधी मला असं वाटत होतं, आता असं वाटतं" ही एक ओळ एवढ्यावर तुमची नोंद भरते. वेगळं काही लिहावं लागत नाही. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका, आणि चुकलेला अंदाज मुलांना खोडूही देऊ नका. पालक विचारतात, "वहीत प्रश्नोत्तरं कुठे आहेत?" त्यांना तो तक्ता दाखवा आणि मुलाला तो समजावून सांगायला लावा. एवढ्याने बहुतेकांचं समाधान होतं.

मदत हवी असेल तर तुमच्या शाळेपासून फार लांब जावं लागत नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था प्राथमिक विज्ञानावरही काम करते, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, आणि सहल काढायचीच असेल तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. सहलीला जाताना मात्र मुलांबरोबर प्रत्येक गटाचा एक प्रश्न लिहून न्या, नाहीतर दिवस बटणं दाबण्यात जातो.

पहिल्या आठवड्यात फक्त बर्फाचा तास घ्या, तोही एकदाच. तास संपल्यावर मुलांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत एका कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढचा प्रयोग तुम्ही निवडू नका, त्या कागदावरून वर्गाला निवडू द्या.